रेव्हरंड कॉटन मेदर आणि देवीची टोचणी

कॉटन मेदर (१६६३–१७२८) हे ब्रिटिश अमलाखालील बोस्टनमधील काँग्रिगेशनल पंथाचे धर्मोपदेशक. सेलमच्या चेटूक-खटल्यांचे (१६९२) त्यांनी केलेले समर्थन हा त्यांच्या चरित्रावरील कलंकच होय. तथापि देवीनिवारणाबाबत त्यांचे ऋण मानावे लागते. रोग्याच्या फोडातील पू निरोगी माणसाच्या दंडावर टोचून देवीपासून संरक्षण मिळते, हे त्यांना त्यांच्याच घरी गुलाम असलेल्या ओनेसिमस या आफ्रिकी मनुष्याने सांगितले. १७२१ च्या साथीत मेदर यांनी वैद्यांना आवाहन केले. झॅब्डिएल बॉइलस्टन तेवढे पुढे आले व त्यांनी स्वतःच्या मुलालाही टोचले. लोकक्षोभ उसळला, मेदर यांच्या घरात हातबाँब पडला. सुदैवाने तो फुटला नाही. साथीत ८४४ माणसे दगावली, म्हणजे दर सात रुग्णांमागे सुमारे एक. बॉइलस्टन यांनी टोचलेल्या २४० हून अधिक जणांपैकी मृत्यू अवघे ६. विरोधकांचे अग्रणी विल्यम डग्लस हे मात्र शहरातील एकमेव पदवीधर वैद्य होते!