फोम रोलर : आखडलेल्या स्नायूंसाठी साधा उपचार

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला की आलापल्ली परिसरातील गावांतून कंबर, मांड्या व पोटऱ्या आखडल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांची आमच्या बाह्यरुग्ण विभागात गर्दी होते. पहाटे जंगल गाठायचे, वाकून पाने खुडायची आणि घरी येऊन उकिडवे बसून ७०-७० पानांचे पुडे बांधायचे, असा हा दिनक्रम. पुढे धानाच्या रोवणीत हीच दुखणी पुन्हा डोके वर काढतात.

आमच्या भौतिकोपचार कक्षात दिसणारा दाट फेसाचा दंडगोल म्हणजेच फोम रोलर या दुखण्यासाठी आहे. पोटरीचेच उदाहरण घेऊ. जमिनीवर बसून पोटरी रोलरवर ठेवावी, दोन्ही हात मागे टेकवावेत व घोट्याच्या वरपासून गुडघ्याच्या खालपर्यंत पाय सावकाश पुढेमागे सरकवावा. एका स्नायूला अर्धा ते एक मिनिट, असे दोन-तीन वेळा पुरे. दाब सोसवेल इतकाच असावा. श्वास रोखावा लागत असेल तर तो अधिक झाला असे समजावे. कंबरेच्या मणक्यावर, हाडावर व गुडघ्याच्या मागील खोलगट भागावर रोलर फिरवू नये.

या दाबाने स्नायूंतील गाठी फुटतात, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. दाबाची जाणीव मज्जातंतूंमार्फत मेंदूपर्यंत पोहोचते, ताण सोसण्याची क्षमता काही वेळ वाढते आणि सांधा अधिक मोकळा हलतो. हा परिणाम थोडाच वेळ टिकतो. म्हणून रोलरनंतर लगेच स्नायू ताणण्याचे व उठबशीचे व्यायाम करून घेतले जातात; खरा लाभ त्यांचाच. घरी प्लास्टिकच्या जाड पाइपाला जुनी सतरंजी घट्ट गुंडाळली तरी काम भागते, विकतचा रोलर हवाच असे नाही.

तथापि या साधनापेक्षा त्याआधीची तपासणी आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. गडचिरोली जिल्हा हिवतापाचा. ताप व थंडीसह अंग मोडून येत असेल तर आधी रक्त तपासले पाहिजे. येथील आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजारही आढळतो. त्यात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व हातपाय, पाठ, हाडे असह्य दुखू लागतात. उन्हातील कष्ट व शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे असा झटका येऊ शकतो, आणि तेंदूच्या हंगामात दोन्ही एकत्र येतात. 'कामाने अंग भरून आले' म्हणून अशा रुग्णाला घरी रगडत बसल्यास मोलाचा वेळ जातो.

एकच पाय सुजणे, पोटरी गरम व लाल होणे, पायात बधिरपणा वा शक्तिपात, लघवीवरचा ताबा जाणे, किंवा सिकलसेलच्या रुग्णास छातीत दुखून दम लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास नातेवाइकांनी रोलर वा मालीश न करता रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे. सिकलसेलचे कार्ड असल्यास ते सोबत ठेवावे.