बेकारीचा दर: एक खुलासा

बेकारीचा दर उतरला, असे वाचताच तितक्या हातांना काम मिळाले असा अर्थ आपण सहज घेतो. परंतु हा दर म्हणजे साऱ्या लोकसंख्येतील नव्हे, तर श्रमबलातील (काम करणारे आणि काम शोधणारे वा कामास तयार असणारे, एवढ्यांतील) काम न मिळालेल्यांचे शेकडा प्रमाण होय. नाशिकच्या बसस्थानकावर गाडीसाठी लागलेली रांग मोजावी, तसे हे आहे: कंटाळून घरी परतलेला उतारू मोजणीतून गळतो आणि गाडी न येताच रांग आखूड होते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या फाटकांवर अर्ज देऊन थकलेला आणि पुढे तो नादच सोडून, कामास तयारही न राहता घरी बसलेला पदवीधर याच न्यायाने बेकारांत धरला जात नाही. उलट निफाडला वडिलांच्या द्राक्षबागेत, दमडीही न घेता, औषधाच्या पाण्यात घड बुडवीत फिरणारा अभियंता २०१७ पासून चाललेल्या नियतकालिक श्रमबल पाहणीत रीतसर रोजगारात जमा होतो. साप्ताहिक मोजणीत तर आठवड्यातील एक तासही पुरतो! परदेशी गेलेला या हिशेबातूनच वजा होतो.

निरक्षरांत हा दर अल्प आणि पदवीधरांत अधिक आढळतो, म्हणून शिक्षणालाच दोष देणे मात्र घाईचे. थांबण्याची ऐपत नसलेला मनुष्य मिळेल ती मजुरी धरतो, इतकेच.