म्यान पाहून सुरी घ्यावी
(हातघडणीची हत्यारं : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण पात्याला पाणी देण्यापर्यंत आलो होतो. १०८४ सारखं साधं कार्बन पोलाद चुंबकाला चिकटेनासं होईपर्यंत तापवायचं, त्याहून थोडं वर न्यायचं, कोमट तेलात बुडवायचं आणि मग साधारण २०० अंश सेल्सिअसला दोनदा शेकून ठिसूळपणा घालवायचा. हौशी कारागीर इथवर जीव ओततो, मुठीचं लाकूड घासता घासता रात्री घालवतो, आणि म्यानाशी आला की काम उरकून टाकतो. माझं मत असं की त्याची खरी पारख म्यानावरच करावी. सुरी कोणाच्या कमरेला लागणार, कशी काढली-घातली जाणार, याचा विचार त्याने आधी केला होता की नाही, हे तिथे लपत नाही.

फिनलंडची पारंपरिक पुक्को सुरी पाहा. तिच्या मुठीपुढे बोटं अडवणारा आडवा गार्ड नसतो आणि अनेक जुन्या घडणीच्या म्यानांना बटण किंवा बंदही नसतो. तरी ती पडत नाही, कारण मुठीचा बराचसा भाग म्यानात उतरतो आणि ओलं चामडं त्या मुठीवरच दाबून वाळवलेलं असतं. पात्याच्या बाजूला आत बहुधा लाकडी अस्तर असतं, म्हणजे टोक चामड्यात घुसत नाही. मूठ कुठे फुगवायची आणि कुठे निमुळती करायची, हे अशा सुरीत म्यान डोळ्यांपुढे ठेवूनच ठरवावं लागतं. सुरी पुरी झाल्यावर तिला कसंबसं बसेल असं म्यान शोधणाऱ्याला हे साधत नाही.

शिवणीतही तेच दिसतं. चामडं सुमारे ३ मिलिमीटर जाडीचं, झाडाच्या सालींत कमावलेलं लागतं. आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्याच जातीचं. भिजवून दाबलं की ते आकार घेतं आणि वाळल्यावर तो धरून ठेवतं. क्रोमचं मऊ चामडं तसं करत नाही. आता दोन पदर नुसते एकमेकांवर ठेवून शिवले, तर सुरी आत जाताना धार थेट दोऱ्यावर येते आणि टाके एकेक करून कापले जातात. म्हणून धारेच्या बाजूला दोन पदरांमध्ये चामड्याची पट्टी घालतात; धार पट्टीला टेकते, दोरा तिच्या आड राहतो. टाका दोन सुयांचा. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याची दोन्ही टोकं प्रत्येक भोकातून समोरासमोर जातात, त्यामुळे एक पदर तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो. मशीनच्या टाक्यात ही सोय नाही.

यावर कोणी म्हणेल, चामड्याचा एवढा हट्ट कशाला? कायडेक्ससारखं प्लॅस्टिक तापवून सुरीवर दाबलं की झालं, ते पाणीही पीत नाही. मासेमारीला किंवा सतत ओल्या कामाला ते खरोखरच सरस आहे, हे मान्य. पण त्यात अडकलेली वाळू पात्यावर ओरखडे काढते. शिवाय मुद्दा चामड्याचा नसून आखणीचा आहे. कायडेक्सचं म्यानही सुरीसोबतच आखावं लागतं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: चामड्यात ठेवलेलं कार्बन पोलाद गंजतं. गंजतंच. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पात्यावर डाग पाडतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. पण म्यान सुरी नेण्यासाठी आहे, साठवण्यासाठी नाही. घरी आल्यावर पातं पुसून, तेलाचा हात फिरवून बाहेर ठेवावं, आणि चांगल्या कारागिराने सुरी देताना हे सांगावं.

तेव्हा हातघडणीची सुरी घेणार असाल, तर पात्याची चमक पाहण्याआधी म्यानाची कड पाहा. मधली पट्टी नसेल, तर म्यान नव्याने शिवून मागा आणि त्याचे जास्तीचे पैसे खुशीने द्या.