एक माणूस, दोन केसपेपर

ठाण्यात बाळकुम नाक्यावरून कोळशेतकडे निघालं की एकीकडे आगरी-कोळ्यांचं जुनं गावठाण लागतं आणि दुसरीकडे कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले उंच टॉवर. दारू दोन्हीकडे आहे. गावठाणात ती हळदीच्या रात्री मांडवामागे असते. या हळदीच्या पार्ट्यांवर आगरी समाजातलीच जाणती मंडळी गेली काही वर्षं जाहीरपणे बोलू लागली आहेत. टॉवरमध्ये ती शुक्रवारी रात्री असते आणि तिच्यावर कुणी बोलत नाही.

बोलणं सुरू होतं ते फार उशिरा. माणूस सकाळी उठल्याउठल्या क्वार्टर मागू लागतो, हात थरथरतात, नोकरी जाते. इथपर्यंत घर कसंबसं निभावून नेतं. मग एखाद्या रात्री तो म्हणतो, भिंतीपलीकडचे लोक माझ्याबद्दल बोलताहेत. किंवा काहीच बोलत नाही, नुसता पडून राहतो आणि पंख्याकडे बघतो. आता न्यायचं कुठे? मामा सांगतो व्यसनमुक्ती केंद्रात टाका. शेजारी हळू आवाजात सांगतो मेंटलला दाखवा. केंद्रवाले म्हणतात, याचं डोकं आधी ठिकाणावर आणा. मानसोपचाराच्या ओपीडीत सांगतात, आधी याची दारू सोडवा. माणूस एकच, केसपेपर दोन, आणि दोन्ही खिडक्यांवर उत्तर तेच: आधी पलीकडे जाऊन या.

बाळकुमकरांना ही दुसरी खिडकी तशी जवळ आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. नरोत्तमदास माधवदास यांचं नाव त्याला लाभलेलं, साडेअठराशे खाटांचं. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा मुंबईकरांचा जुना टोमणा या रुग्णालयामुळेच. पुण्यात त्याच चालीवर येरवड्याचं नाव घेतात. तिथलं मनोरुग्णालय तर २,५४० खाटांचं. व्यसन आणि मनाचा आजार यांची महाराष्ट्रातली सगळ्यात महत्त्वाची गाठ पडली ती या येरवड्याच्या आवारात, आणि तीही जागेच्या सोयीमुळे.

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत ब्राउन शुगर शिरली. मराठीत तिला गर्द म्हणू लागले. पत्रकार-लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या आहारी गेलेल्या पोरांमध्ये मिसळून त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. नुसतं हळहळून न थांबता त्यांनी उपचारकेंद्रासाठी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यामुळे जागा मिळाली ती त्याच आवारात, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झालं. मुंबईच्या केईएममध्ये व्यसनी रुग्णांबरोबर काम करणारे तरुण डॉ. आनंद नाडकर्णी या मंडळींच्या सोबत होते. पुढे १९९० साली त्यांनी ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था काढली. ठाणेकरांसाठी ती नुसती ‘आयपीएच’. व्यसनावरचं त्यांचं ‘मुक्तिपत्रे’ हे पुस्तक आजही केंद्रांच्या कपाटांत सापडतं.

मनोरुग्णालयाच्या आवारात व्यसनमुक्ती केंद्र काढलं की पहिली अडचण येते ती नावाची. ‘आम्ही काय वेडे आहोत का?’ हा गर्दुल्ल्याचा किंवा दारुड्याचा हमखास सवाल. व्यसनी माणसाला एक वेळ दारुड्या म्हटलेलं चालतं, वेडा म्हटलेलं चालत नाही. मनोरुग्णाच्या घरच्यांचं नेमकं उलट असतं. आमचा मुलगा आजारी आहे, व्यसनी नाही, असं ते ठासून सांगतात. दोन्ही बदनाम्या एकमेकींकडे बोट दाखवून आपली अब्रू वाचवत असतात. सुनंदाबाईंचं मोठेपण हे की त्यांनी या वादात न पडता आतला कारभार असा ठेवला की सवालच बोथट व्हावा. मारहाण नाही, कोंडून घालणं नाही. दाखल झालेला तो ‘रुग्णमित्र’. कामाला माणसं घेतली तीही बरीचशी याच वाटेने आलेली, आधी स्वतः दाखल होऊन बाहेर पडलेली. थापा कशा मारतात आणि बाटली कुठे लपवतात, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

निवासी उपचार कशासाठी, घरी राहून दारू का सोडू नये, असं लोक नेहमी विचारतात. याचं पहिलं उत्तर शरीराकडे आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की सहा-आठ तासांत थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण तिसऱ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो: अंगावर किडे चालतात, वेळ-काळाचं भान सुटतं, ताप चढतो. यात माणूस दगावूही शकतो. म्हणून लिब्रियमसारखी गोळी मोजून द्यायची आणि रोज थोडी थोडी उतरवत आणायची. बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन टोचायचं, तेही ग्लुकोजची बाटली लावण्याआधी, नाहीतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका. गर्दवाल्यांच्या ‘टर्की’त, म्हणजे गर्द बंद केल्यावरच्या त्रासात, जीव सहसा जात नाही, पण गेला तर बरं असं वाटतं: नाक-डोळे गळतात, हाडं ठणकतात, झोप पार उडते. ‘मनाचा निश्चय कर’ असं सांगणाऱ्या काकांनी एकदा ही खोली बघायला हवी.

हा पहिला आठवडा. त्यानंतरचं मुक्तांगण बाहेरून शाळेसारखं दिसतं. पहाटे उठणं, योगासनं, प्राणायाम, साफसफाई, गटचर्चा, समुपदेशन, गाणी. पुढे केंद्र मनोरुग्णालयाच्या आवारातून येरवड्यातच स्वतःच्या इमारतीत गेलं, तरी हा दिनक्रम राहिला. उपचार ३५ दिवसांचा. सुनंदाबाई १९९७ साली कर्करोगाने गेल्या. मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेलं. २००९ मध्ये स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग निघाला. बायका पितच नाहीत अशी समजूत असलेल्या समाजात त्याची दारं उघडायला तेवीस वर्षं लागली. पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. पंधरा-वीस वर्षं दारुड्याच्या घरात काढलेल्या बाईचं मन स्वतःही उपचार मागत असतं, पण ते तिच्या खिजगणतीत नसतं. अनिल अवचट २०२२ च्या जानेवारीत गेले. आतल्या सगळ्यांचे ते ‘बाबा’.

खरा तिढा पहिल्या आठवड्यानंतर उलगडू लागतो, आणि त्यासाठी माणूस डोळ्यांसमोर राहावा लागतो. दाखल होणारे बरेचसे पहिल्या दिवशी उदास असतातच. दारूच उदास करते. पण दारूने आलेली उदासी दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत बरीचशी ओसरते. तिसरा-चौथा आठवडा उलटला, झोप सुधारली, भूक लागली, तरी माणूस भिंतीकडे तोंड करून पडून आहे, असं असेल तर ते दारूचं देणं नाही. तो स्वतंत्र आजार आहे. तो कदाचित पहिल्या पेगच्याही आधीपासूनचा असेल, आणि त्याला स्वतंत्र औषध लागतं. एखादा उलट दहाव्या दिवशी भलताच खुलतो. रात्रभर गातो, सगळ्यांना उधार पैसे वाटायला निघतो. घरचे खूश होतात, अनुभवी परिचारक मात्र डॉक्टरांना फोन लावतो, कारण हा उत्साह द्विध्रुवी आजाराचा असू शकतो. ओपीडीतल्या दहा मिनिटांच्या भेटीत हे कळणं कठीण. पस्तीस दिवसांचा मुक्काम या हिशेबाने ठरवला असेल-नसेल, पण या निदानाला तो बरोब्बर पुरतो.

असे जोडआजार किती? अमेरिकेत २०,२९१ लोकांच्या मुलाखतींवर उभा असलेला एक मोठा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. दारूचा विकार असलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना आयुष्यात दुसरा एखादा मनोविकार झालेला होता. इतर अमली पदार्थांच्या बाबतीत हा आकडा ५३ टक्के. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर स्किझोफ्रेनियाच्या ४७ टक्के रुग्णांना व्यसनाचा विकार होता. एवढा मोठा गट ज्यांच्या दारात रोज उभा, त्यांनी ‘आमच्याकडे फक्त दारूचं बघतो’ म्हणावं हे विचित्रच. एडवर्ड खॅन्ट्झियन या मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ साली मांडलं होतं की व्यसनी माणूस अनेकदा आपल्या परीने स्वतःवर इलाजच करत असतो, फक्त औषध चुकलेलं असतं. आपल्या राम गणेश गडकऱ्यांना हे आधीच दिसलं होतं. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’तल्या सुधाकराच्या हातात तळीराम पेला देतो तो वकिलीची सनद रद्द झाल्याच्या अपमानानंतर. मधे सुधाकर दारू सोडतोही. पुन्हा अपमान होतो, आणि पुन्हा पेला. शेवटी तो विष घेतो. आज त्याला कुणी दाखल केलं असतं तर नुसती बाटली हिसकावून भागलं नसतं.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू करणाऱ्या दोघांपैकी बिल विल्सन यांची गोष्टही याच जातीची. त्यांची दारू सुटली, कायमची सुटली, पण चाळिशीपन्नाशीत वर्षानुवर्षं ते खोल नैराश्यात होते. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली एलएसडी घेऊन पाहिलं.    विल्सन यांचा तो प्रयोग एएमधल्या अनेकांना पटला नाही. पण दारू सुटूनही मन आजारी राहू शकतं, याचा दाखला खुद्द संस्थापकच होते. तरीही आपल्याकडच्या काही बैठकांत ‘गोळ्या घेतोस म्हणजे तू सोबर नाहीस’ असा सल्ला मिळतो. एएचं स्वतःचं पत्रक मात्र सभासदांनी डॉक्टरकी करू नये असंच सांगतं. या सल्ल्यापायी द्विध्रुवी आजारावरचं लिथियम बंद करणारा माणूस महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा दारापाशी येतो, आणि लोक म्हणतात, घसरला.

ठाणे पट्ट्यात आता दारूबरोबर एमडी, म्हणजे मेफेड्रोनही, आली आहे. २०१५ साली तिचा समावेश अमली पदार्थांच्या कायद्यात झाला.  एमडी घेणारा तीन-तीन रात्री जागतो, मग संशयाने पछाडतो. हा संशय पावडरचा की मुळात असलेल्या आजाराचा, हे ठरवायलाही पुन्हा नशेविना काढलेले आठवडेच लागतात.

कायद्याने दोन खिडक्या कधीच एक केल्या आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच घातल्या. म्हणजे अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. साखळदंड बांधायला बंदी आहे. स्वतःहून दाखल झालेला प्रौढ माणूस बाहेर पडायचं म्हणाला तर त्याला सोडावं लागतं. इच्छेविरुद्ध ठेवायचं तर दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, मुदत ३० दिवसांची, आणि कायद्याने नेमलेल्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत कळवणं. स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत.

प्रत्यक्षात मात्र घरच्यांनी फोन करायचा, रात्री गाडी येणार, चार जण माणसाला उचलून नेणार आणि पुढचे सहा महिने भेट बंद, ही पद्धत संपलेली नाही. दमलेल्या घराला ती सुटका वाटते, याबद्दल त्या घराला दोष देणं सोपं आहे. पण दार उघडून दाखवणार नाही अशा जागी माणूस सोपवू नये. नोंदणीचा कागद मागावा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतो, रात्री फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेता, आधीपासूनच्या गोळ्या चालू ठेवता का, असं स्पष्ट विचारावं. ‘इथे गोळ्याबिळ्या काही लागत नाहीत, शिस्तीने सगळं सुटतं’ असं उत्तर आलं तर तिथूनच रिक्षा वळवावी.

अर्थात दाखल होण्यापर्यंत पोहोचतात तरी किती? एम्सच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १६ कोटी लोक दारू पितात असं आढळलं. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते. दाखल होऊन उपचार मिळाले ते दर १८० जणांमागे एकाला.

त्या एकालाही खर्चाशी झगडावं लागतंच. २०१७ चाच कायदा सांगतो की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यावं. पण विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत बाराव्या क्रमांकावर दारू, अमली पदार्थ आणि व्यसनांवरचे उपचार आहेत. एकाच खाटेवर पडलेल्या माणसाच्या नैराश्याचे पैसे मिळू शकतात, दारूचे नाहीत. मग डिस्चार्जच्या दिवशी घरचे डॉक्टरांना बाजूला घेऊन विनवतात, कार्डावर फक्त डिप्रेशन लिहा ना. सरळमार्गी डॉक्टर दोन्ही लिहितो, कारण पुढच्या डॉक्टरला दोन्ही कळायला हवं, आणि बिल घरच्यांना भरावं लागतं.