शेवटचा क्रेट

खंडेनवमीच्या रात्री दादरच्या फूलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. जिकडे बघावं तिकडे झेंडू. दुसऱ्या दिवशी दुपार कलली की त्याच झेंडूला कुणी विचारत नाही. तोरणं लागलेली असतात, गाड्यांना हार चढलेले असतात, आणि उरलेला माल गावी परत न्यायचं भाडंही सुटणार नसतं. मग ढीगच्या ढीग रस्त्याकडेला टाकून लोक घरी जातात. ते बघून आपण हळहळतो, ‘अंदाज चुकला बिचाऱ्यांचा.’

चुकला असेलच असं नाही. ढीग उरणार हे पक्कं ठाऊक असूनही तेवढाच माल घेणं हा सगळ्यात शहाणा निर्णय असू शकतो. आणि हे पटवायला पाचवीतलं गणित पुरतं!

समजा, एका फूलवाल्याला गेल्या दहा दसऱ्यांना किती गिऱ्हाईक आलं ते नीट आठवतंय. हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे आपल्या मनचे घेऊ. झेंडूचे क्रेट खपले असते ते असे: ५, ६, ६, ७, ७, ८, ८, ९, १०, ११. सरासरी ७.७. क्रेट ६०० रुपयांना पडतो, १,५०० ला जातो. किती घ्यावेत?

एकूण किती खपतील या प्रश्नाशी झटापट करण्यात अर्थ नाही. फक्त शेवटच्या क्रेटकडे बघायचं. सात तर घेतले, आठवा घ्यावा का? दहापैकी पाच वर्षं तो खपला असता, म्हणजे पाच वेळा ९०० चा नफा: ४,५०० रुपये. पाच वर्षं तो उरला असता, म्हणजे पाच वेळा ६०० चा फटका: ३,००० रुपये. घ्यावा. आता नववा. तीनच वर्षं खपला असता, २,७०० ची कमाई. सात वर्षं उरला असता, ४,२०० चं नुकसान. नको. उत्तर आठ. सरासरीच्या जवळपासच आलं की, असं वाटेल.

आता गिऱ्हाईक तेच ठेवू, विक्रीचा भावही तोच ठेवू. फक्त पावसाने माल कमी आला आणि क्रेट १,२०० ला पडला. खपला तर ३०० सुटतात, उरला तर १,२०० जातात. सहावा क्रेट अजून परवडतो, सातवा परवडत नाही. म्हणून सहाच घ्यायचे, आणि दहापैकी सात वर्षं गिऱ्हाइकाला ‘संपला माल’ म्हणून हात हलवत परत पाठवायचं. उलट एखाद्या वर्षी आवक धो धो झाली आणि क्रेट २०० ला मिळाला, तर हिशेब थेट दहा क्रेटवर जातो. म्हणजे दहापैकी आठ वर्षं ढीग उरणार! त्या ढिगाला हसणाऱ्याला कळणारही नाही, की दहावा क्रेट घेतला नसता तर फूलवाल्याने पैसे सोडून दिले असते.

गिऱ्हाईक एकच, उत्तरं तीन: सहा, आठ, दहा. मागणीचा अंदाज कितीही अचूक असो, नुसत्या अंदाजातून उत्तर निघत नाही. कमी पडलं तर किती बुडेल आणि उरलं तर किती बुडेल, या दोन नुकसानांचं एकमेकांशी प्रमाण काय, त्यावर सगळं ठरतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा एखादी जादू उलगडून दाखवावी तसं वाटलं होतं.

या विचाराचा उगम मात्र फुलांत नाही, बँकेत आहे. १८८८ साली फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने प्रश्न मांडला: खातेदार कधी किती पैसे काढतील ते सांगता येत नाही, मग बँकेने तिजोरीत रोकड ठेवावी किती? जास्त ठेवली तर व्याज बुडतं, कमी ठेवली तर पत जाते. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी संशोधकांनी या कोड्याला रस्त्यावर वर्तमानपत्रं विकणाऱ्या पोऱ्याचं नाव दिलं, कारण कालचा पेपर आज रद्दी.

विमान कंपन्यांनी हे कोडं उलटं करून वापरलं. उडालेल्या विमानातली रिकामी खुर्ची म्हणजे दसऱ्याच्या संध्याकाळचा झेंडूच. १९७२ मध्ये ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी नियम मांडला. समजा स्वस्त तिकीट ४,००० चं आणि पूर्ण भाड्याचं १०,००० चं आहे. स्वस्तवाला आज दारात उभा आहे, पूर्ण भाडं देणारा शेवटच्या दिवशी येईल किंवा येणारही नाही. तो येण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त असेल तोवर खुर्ची राखून ठेवायची, नाहीतर देऊन टाकायची. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने याच वाटेने जाऊन काही खुर्च्या अतिस्वस्त केल्या आणि बाकीच्या जपून ठेवल्या. स्वस्त भाड्यावरच उभी असलेली पीपल एक्स्प्रेस दोन वर्षांत नामशेष झाली. तिच्या अडचणी इतरही होत्या, पण हा घाव वर्मी लागला. शेजारच्या प्रवाशाचं तिकीट आपल्यापेक्षा निम्म्या किमतीत आलं म्हणून आपण चरफडतो, त्यामागे हीच आकडेमोड असते.

गणित इतकं सोपं असूनही माणसं ते करत नाहीत, हे आणखी नवल. मॉरिस श्वाइत्झर आणि जेरार्ड काशोन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत व्यवस्थापन शिकणाऱ्यांना मागणीच्या सगळ्या शक्यता आधीच सांगितल्या होत्या. तरीही नफा घसघशीत असलेला माल त्यांनी हवा त्यापेक्षा कमी मागवला आणि बेताच्या नफ्याचा जास्त. दोन्हीकडून मन सरासरीकडे ओढ घेत राहिलं. आपल्याला मधलं काहीतरी बरं वाटतं.

फूलवाल्याच्या हातात अर्थात आणखीही वाटा असतात. उरलेला क्रेट ३०० रुपयांना उचलणारा कुणी आधीच गाठून ठेवला तर? तर ६०० च्या खरेदीवर फटका निम्म्याने उतरतो आणि आठाऐवजी नऊ क्रेट घेणं शहाणपणाचं ठरतं. संध्याकाळच्या गिऱ्हाइकामुळे पहाटेची खरेदी बदलते! आणि परत गेलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी समोरच्या पाटीवरून घेणार असेल, तर कमी पडण्याचं नुकसान ९०० वर थांबत नाही. नेमकं किती धरायचं हे कुठलंच सूत्र सांगत नाही. तिथे धंद्यातला अनुभवच लागतो.

आपल्याकडे हे कोडं दरवर्षी छापूनही येतं. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून प्रत्येक संपादक-प्रकाशकाला प्रती किती काढाव्यात हे दिवाळीआधीच ठरवावं लागतं. मजकूर, चित्रं, जुळणी यांचा खर्च एकदा झालेला असतो, त्यामुळे वरची एकेक प्रत कागद-शाईच्याच भावात पडते. म्हणजे जास्त छापलेलं बरं. पण तोच अंक विक्रेत्याला कमिशन कापून बऱ्याच चढ्या भावात पडतो, म्हणून त्याच्या हिशेबाने कमी घेतलेले बरे. वाचक तोच, अंक तोच, आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत. न खपलेले अंक परत घेतले तर विक्रेता सैल हाताने मागवतो आणि धोका प्रकाशकाच्या अंगावर येतो. बॅरी पास्टरनॅक यांनी १९८५ मध्ये अशा नाशवंत मालाचा हिशेब मांडून दाखवलं, की सगळा माल पूर्ण किमतीला परत घेणंही चूक आणि अजिबात न घेणंही चूक. सगळा माल घ्यावा, पण पूर्ण किमतीपेक्षा कमीत. म्हणजे विक्रेता एकूण धंद्याला सोयीचा असेल नेमका तेवढाच माल उचलतो.