खुंटी, पेटी आणि कपाट

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते सर्वांस परिचित आहे. परंतु त्याची कीर्ती त्याहूनही जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रावरील व्यापाराची माहिती देणारा ‘पेरिप्लस’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात ‘तगर’ या नगराचा उल्लेख येतो. तगर म्हणजेच आजचे तेर. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून, तेथून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्तेही नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदरात नेली जाते, असे त्या व्यापाऱ्याने नमूद केले आहे.

ज्या वस्तूसाठी माणसे आणि बैल इतक्या दूरची वाट तुडवीत, ती वस्तू घरीही स्वस्त असणे शक्य नव्हते. कापूस वेचणे, सरकी काढणे, पिंजणे, कातणे आणि विणणे ही सारी कामे हातांनीच करावी लागत. एका पंच्यामागे कित्येक दिवसांचे श्रम असत. म्हणून कापडाचा तुकडा माणसे जिवापाड जपत, आणि ही सवय यंत्रांच्या गिरण्या आल्यानंतरही पुष्कळ काळ टिकून राहिली.

या भागातील जुन्या माळवदाच्या घरात कपड्यांसाठी निराळी जागा अशी फारशी नसे. भिंतीत ठोकलेल्या लाकडी खुंट्या, कपडे टाकण्यासाठी आडवी बांधलेली वळणी आणि एक पत्र्याची पेटी एवढी सामग्री सगळ्या कुटुंबास पुरे. रोजचे कपडे दोन जोड: एक अंगावर, दुसरा वळणीवर वाळत. पेटीत असत ते ‘ठेवणीतले’ कपडे. ते लग्नकार्यात, सणावारी किंवा तुळजापूरच्या यात्रेस निघताना बाहेर निघत. मुलांचे कपडे तर ‘वाढत्या अंगाचे’ शिवले जात. शिंपी बाह्यांना आणि विजारीला आतून रुंद दुमड ठेवी. मूल उंच झाले की ती दुमड उसवून सोडली जाई. पहिल्या वर्षी तो सदरा अंगावर झोळीसारखा लोंबे, दुसऱ्या वर्षी नीट बसे आणि तिसऱ्या वर्षी धाकट्या भावाकडे जाई. आज काय घालावे, हा प्रश्न अशा घरात उद्‍भवतच नसे. जो जोड वाळला, तो अंगावर चढे.

पुढे दिवस पालटले. यंत्रमाग वाढले, पॉलिएस्टरसारखे कृत्रिम धागे आले, तयार कपड्यांची दुकाने तालुक्याच्या गावीही निघाली. शिवून घेण्यापेक्षा विकत घेणे सोपे झाले. पेटीच्या जागी लोखंडी कपाट आले, आणि बहुतेक घरांत तेही लवकरच भरून गेले. हा बदल वाईट म्हणता येणार नाही. थंडीत उबदार कपडा असणे, पावसात भिजल्यावर कोरडा जोड मिळणे, हे सुख पूर्वी कितीतरी मुलांच्या वाट्याला येत नव्हते. तथापि या सुखाबरोबर एक नवी अडचणही घरात आली.

सकाळचे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. सातवीतील एखादा मुलगा कपाट उघडून उभा आहे. शाळेची वेळ होत आली आहे. कपाटात तीस कपडे आहेत. पण त्यांतील सहा आखूड झाले आहेत, चारांची बटणे तुटली आहेत, पाच त्याला आवडत नाहीत, तीन मामाने दिलेले म्हणून जपून ठेवले आहेत आणि काही कोणाचे आहेत हेच कळत नाही. वापरण्याजोगे सात-आठ कपडे या गर्दीत कोठेतरी दडलेले असतात. हवा असलेला सदरा नेमका तळाशी असतो. तो ओढताच वरचा सगळा ढीग कोसळतो. प्रत्येक नको असलेला कपडा डोळ्यांनी पाहून मनाने नाकारावा लागतो, आणि या नाकारण्यातच वेळ जातो. ज्याच्या खुंटीवर एकच सदरा होता तो आजोबांच्या काळचा मुलगा पाच मिनिटांत तयार होई, आणि तीस कपड्यांचा धनी मात्र घालण्यास काही नाही म्हणून कुरकुरतो, यातील विनोद घरातील मोठ्यांच्या लक्षात येतो. पण त्याचे कारण गर्दीत आहे, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येते.

मराठीत या बाबतीत एक मौजेचा शब्द आहे. पसारा नीटनेटका करण्यास आपण ‘आवरणे’ म्हणतो, आणि आंघोळ करून, कपडे घालून तयार होण्यासही ‘आवरणे’च म्हणतो. ‘आवरले का?’ या प्रश्नाचे दोन्ही अर्थ घरोघरी रोज ऐकू येतात. कपाट आवरलेले असले तर माणसाचे आवरणेही लवकर होते, हे भाषेने जणू आधीच ओळखले आहे.

कपाट आवरण्यासाठी नवी युक्ती शोधण्याचे कारण नाही. मराठवाड्यात नवरात्रापूर्वी ‘दसरा काढणे’ ही चाल आहे. भाद्रपदाच्या अखेरीस, तुळजापुरास भवानीमातेची मूर्ती पलंगावर निद्रिस्त असते त्याच दिवसांत, घरोघरी झाडलोट सुरू होते. भिंती सारवल्या किंवा रंगविल्या जातात, भांडी घासली जातात आणि घरातील कापडाचा कपटा न् कपटा बाहेर काढला जातो. गोधड्यांचे गाठोडे बांधून नदीवर किंवा विहिरीवर न्यायचे, आपटून धुवायचे आणि खडकांवर वाळत घालायचे, हा कित्येक घरांतला ठरलेला कार्यक्रम असे. धुण्यासाठी प्रत्येक वस्त्र हातात घ्यावे लागे, आणि हातात घेतले की त्याची स्थिती कळे. विरलेले वेगळे, फाटलेले वेगळे, आखूड झालेले वेगळे, असे ढीग आपोआप पडत.

या ढिगांतील काहीही वाया जात नसे. आखूड झालेले धाकट्यांकडे जाई. आजीचे जुने लुगडे आणि आजोबांचे विरलेले धोतर एकावर एक अंथरून, जाड दोऱ्याचे टाके घालून गोधडी शिवली जाई. लुगडे जितके जुने तितके मऊ, म्हणून तान्ह्या मुलासाठी तेच निवडीत. गोधडीलाही न चालणारे कापड हातपुसणे होई, त्यानंतर पोतेरे होई. देवीच्या भक्तांच्या हातातील पेटती पोत हीसुद्धा कापड घट्ट पिळून, तेलात भिजवून केलेली जाड वातच असते. शिवाय डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन बोहारीण दारी येई. जुने कपडे देऊन तिच्याकडून पातेले किंवा डबा घेताना जी घासाघीस चाले, ती ऐकण्यासाठी मुले दाराशी जमत. ते कपडे ती पुढे विकी आणि डागडुजी होऊन ते दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जात. अशा रीतीने घरात कापड येण्यास जशी वाट होती, तशी ते जाण्यासही वाट होती.

आज येण्याची वाट रुंद झाली आणि जाण्याची मात्र अरुंद. याचे एक कारण कापडातच आहे. सूत पाणी शोषते. पॉलिएस्टर फारसे शोषीत नाही. म्हणून अशा कापडाचे पोतेरे होत नाही, हातपुसणे होत नाही, आणि त्याच्या गोधडीत घाम जिरत नाही. पाळण्यापासून पोतेऱ्यापर्यंत चालणारा सुती कापडाचा प्रवास या नव्या कापडाला करता येत नाही. ते झिजत नाही, कुजत नाही, कसरही त्याला सहसा लागत नाही. ते कपाटात तसेच पडून राहते.

दुसरे कारण माणसाच्या मनात आहे. घरातील आजी एखादे जुने कापड टाकू देत नाही, तेव्हा नातवंडे हसतात. त्यांनी हसू नये. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो बायका-पुरुषांनी रोजगारासाठी खडी फोडली, तलावांची माती वाहिली. ज्यांनी तो काळ अंगावरच्या एका वस्त्रानिशी काढला, त्यांना ‘कधीतरी उपयोगी पडेल’ हे वाक्य पोकळ वाटत नाही. त्यांच्या काळी जपून ठेवणे हेच शहाणपण होते. परंतु जपणे आणि साठविणे यांत भेद आहे. आजी जे लुगडे जपत असे, ते ती वापरीत असे, धूत असे, शिवीत असे आणि अखेर त्याची गोधडी करीत असे. कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात चार वर्षे न हललेला सदरा कोणी जपलेला नसतो. तो नुसता विसरलेला असतो.

शिवाय तो सदरा फुकट आलेला नाही. एका सुती सदऱ्यासाठी, कापसाच्या पिकापासून तो तयार होईपर्यंत, सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडते असा अंदाज आहे. एका माणसाला दोन-अडीच वर्षे पिण्यास पुरेल इतके हे पाणी आहे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथील मुलांना हा हिशेब निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कोरड्या उन्हाचा दिवस निवडावा आणि कपाटातील सर्व कपडे बाजेवर काढून ठेवावेत. कपाटात हात घालून दोन-चार नकोसे कपडे उपसल्याने काम होत नाही. सगळे बाहेर आले म्हणजेच आपल्यापाशी किती आहे हे डोळ्यांना दिसते. मग एकेक कपडा हातात घ्यावा. शंका असेल तर अंगात घालून पाहावा. अकरा ते तेरा या वयात मूल वर्षाला साधारण पाच ते आठ सेंटीमीटर उंच होते. गतवर्षीच्या दिवाळीचा सदरा यंदा मनगटाच्या वर राहिला, तर त्यात नवल नाही. बटण तुटलेला किंवा शिवण उसवलेला कपडा टाकण्याच्या ढिगात घालू नये. सुई-दोरा घेऊन तो त्याच दिवशी दुरुस्त करावा. ‘उद्या शिवू’ म्हणून बाजूला ठेवलेला कपडा पुन्हा कपाटाच्या तळाशी जातो, असाच सर्वांचा अनुभव आहे.

सर्वांत कठीण प्रश्न ठेवणीतल्या कपड्यांचा. आईची पैठणी ठेवणीत शोभते, कारण आईचे माप बदलत नाही. ती मऊ सुती कापडात गुंडाळावी, आणि काही महिन्यांनी उलगडून तिची घडी बदलावी. एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिली तर त्या रेषेवर जर तुटते. रेशमी आणि लोकरी वस्त्रांना कसर लागते, आणि तिला अंधार, घाम व खरकट्याचे डाग प्रिय असतात. म्हणून धुऊन, ऊन दाखवूनच ती आत ठेवावीत. वाळलेला कडुलिंबाचा पालाही घालण्याची चाल आहे. वाढत्या मुलाने मात्र ठेवणी फार करू नये. चांगला सदरा कोणत्या तरी मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवावा आणि तो प्रसंग येईपर्यंत सदराच आखूड व्हावा, हे पुष्कळ घरांत घडते. तो सदरा ना या मुलाला लाभला, ना वेळेवर दुसऱ्याला.

नको असलेले कपडे दुसऱ्यास द्यायचे, तर तेही विचाराने द्यावे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा देशभरातून जुन्या कपड्यांचे गठ्ठे तेथे धाडण्यात आले. त्यांतील पुष्कळसे मळलेले, फाटलेले, तेथील लोकांच्या वापरात न बसणारे होते. संकटातील माणसेही स्वाभिमानी असतात. त्यांनी त्या कपड्यांस हात लावला नाही, आणि ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. पुढे ते उचलण्याचेच एक नवे काम होऊन बसले. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्यातील परांडा व भूम तालुक्यांत गावेच्या गावे पाण्याने वेढली गेली आणि घरांत पाणी शिरले. अशा वेळी माणूस अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडतो. त्याला कोरडा, स्वच्छ, मापाचा एक जोड हवा असतो. आपले चुलतभावंड जो सदरा आनंदाने घालील, तोच द्यावा. धुऊन, बटणे पाहून, घडी घालून द्यावा. जो अगदीच वापरण्यापलीकडे गेला, त्यासाठी निराळी वाट आहे. हरियाणातील पानिपत येथे टाकाऊ कपडे फाडून, त्यांचे पुन्हा तंतू करून सूत काढतात आणि त्यापासून घोंगड्या विणतात. जुन्या कपड्यांचे व्यापारी आणि काही सेवाभावी संस्था असे कापड गोळा करतात.

एवढे झाल्यावर कपाट निम्मे रिकामे दिसते. ते पाहून नवे कपडे आणण्याची इच्छा होते. ती काही महिने तरी आवरावी. उरलेले कपडे लावताना एकावर एक रचण्याऐवजी लहान घड्या करून पुस्तकांसारखे उभे लावावेत. म्हणजे सगळे एका दृष्टीत दिसतात आणि एक काढताना दुसरा हलत नाही. रोजचे हाताच्या उंचीवर, सणावाराचे वर. या भागात थंडी फार काळ राहत नाही. म्हणून लोकरी कपडे धुऊन जुन्या पत्र्याच्या पेटीत जाऊ द्यावेत. ती पेटी बहुधा पलंगाखाली अजून असतेच.

भिंतीवर एक खुंटी मात्र अवश्य असू द्यावी. निजण्यापूर्वी दुसऱ्या दिवसाचा गणवेश, पट्टा आणि मोजे तेथे अडकवून ठेवावेत. सदऱ्याची गुंडी तुटलेली असली, तर ती रात्रीच दिसते, आणि तेव्हा सुईत दोरा ओवून द्यायला घरात कोणीतरी जागे असते.