घरी बांधलेली विमाने आणि अपघातांची नोंदवही



विमानाच्या विषयावर बोलायला एक युनियनचा कार्यकर्ता उभा राहतो, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही विमान बांधलेले नाही. आमचे शिक्षणही शाळेपेक्षा कारखान्याच्या फाटकावरच अधिक झाले. पण अपघातांची नोंदवही आम्ही पुष्कळ वाचली आहे. एका कारखान्यात एकाच प्रेसवर तिघांची बोटे गेली. तिन्ही वेळा कारण लिहिले होते, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. तिन्ही नोंदी शेजारी मांडल्या, तेव्हा दिसले की माल काढण्यासाठी तिघांनाही डायखाली हात घालावा लागत होता. मग भांडून प्रेसला जाळी बसवून घेतली.

हौसेने घरी विमान बांधणारे लोक जगात बरेच आहेत. आपल्याकडे अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधले. २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी झाली. अमेरिकेत अशी विमाने हजारोंनी आहेत. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने त्यांच्या २०११ मधील २२४ अपघातांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध केला. विमान कंपन्या आणि लष्कर वगळता जी नागरी विमाने उरतात, त्यांत घरी बांधलेली सुमारे १० टक्के. पण अपघातांत त्यांचा वाटा १५ टक्के, आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के.

यावर कोणी म्हणेल, बंदीच घाला. मंडळाने तसे म्हटले नाही. त्याने विचारले, अपघात नेमका केव्हा होतो आणि कशाने? उत्तर मिळाले : इंजिन बंद पडणे आणि विमानावरचा ताबा सुटणे, ही मुख्य कारणे. नव्या विमानाच्या पहिल्या काही तासांत धोका मोठा. शिवाय निम्म्याहून अधिक अपघात विमान स्वतः बांधणाऱ्यांचे नव्हतेच. ती विमाने दुसऱ्याकडून विकत घेतलेली होती!

याचे एक दुःखद उदाहरण त्याआधीचे आहे. गायक जॉन डेन्व्हर १९९७ साली अशाच, नुकत्याच विकत घेतलेल्या विमानातून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ कोसळून मरण पावले. बांधणाऱ्याने इंधनाची टाकी बदलण्याचा खटका मूळ आराखड्यातील जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. त्यावर खुणाही नव्हत्या. खटक्यासाठी मागे वळताना पाय नकळत सुकाणूच्या पायदांडीवर दाबला गेला आणि ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष. इंधन न भरता उड्डाण केले आणि त्या विमानाचा सराव अपुरा होता, ही वैमानिकाची चूकही तपासात नोंदली आहे. पण ‘वैमानिकाची चूक’ एवढेच लिहून वही मिटली असती, तर खटका कोणाच्याच ध्यानात आला नसता.

नोंदींतून उपाय निघाले. पहिल्या उड्डाणापूर्वी इंधनव्यवस्था जमिनीवर चालवून तपासा. विमान विकत घेणाऱ्याने त्याच जातीच्या विमानावर शिक्षण घ्यावे, असे मंडळाने सुचवले. पूर्वी चाचणीची उड्डाणे एकट्याने करावी लागत. २०१४ साली जाणता दुसरा वैमानिक सोबत नेण्याची सोय झाली.

म्हणून आमचे एवढेच मागणे आहे. आपल्या खात्यात अपघात झाला, की कोण चुकला हे जरूर लिहा. पण त्याचा हात तेथे का गेला, हेही लिहा. आणि जो थोडक्यात वाचला, त्याची नोंद आधी करा. तो अजून सांगायला जिवंत आहे.